अदमुरा चेक

मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती, १८५७) माझ्या मते एक मोठा दोष आहे. शोधायला निघालेला शब्द सापडेपर्यंत वाटेत दुसरेच सात भेटतात आणि आपण कशाला आलो होतो तेच विसरून जातो. आमचं लेजर असं वागलं असतं, तर मी केव्हाच सस्पेंड झालो असतो! शिवाय अर्थ इंग्रजीत. म्हणजे आईच्या तोंडचा शब्द साहेबाला विचारायचा.

एकदा असाच 'मुरणे'पाशी अडकलो. लोणचं मुरतं, पाणी मुरतं (हे ऑडिटरचं आवडतं), आणि एकदम आईचं 'अदमुरं' आठवलं. धड दूध नाही, धड दही नाही, ते. आई गेल्यापासून आमच्याकडे दही विकतच्या डब्यातून येतं, पूर्ण लागलेलं. शब्दाला कामच उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर एका आजींनी विचारलं, "चेक जमा झाला का हो?"

"अजून अदमुरा आहे, आजी."

रांगेतले मागचे दोघे बघतच राहिले. आजी मात्र खुदकन हसल्या.

"मग हलवू नका," म्हणाल्या, "उद्या येते."