सीमासम्भेद आणि परसमूहाचे साहाय्य

मनुष्य परक्या समूहातील मनुष्यास साहाय्य का करतो, ह्या प्रश्नाला मानसशास्त्राने दिलेले एक उत्तर हल्ली फार प्रचलित आहे. दोन्ही समूहांना सामावून घेणारी एक मोठी ओळख निर्माण करावी, म्हणजे आपपरभाव सुटून मदत घडते, असे ते उत्तर. ते खोटे नाही, अपुरे आहे. आणि हरसूल-पेठकडच्या माणसांच्या अनुभवावर ते कसाला लावून पाहावे, असे आम्हांस वाटते.

६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून किसान सभेचा पायी मोर्चा निघाला. सुरगाणा, पेठ, दिंडोरी आणि ज्यात हरसूल येते तो त्र्यंबकेश्वर तालुका, अशा भागांतील हजारो आदिवासी कष्टकरी सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईस पोहोचले. सोललेले तळपाय पाहून मुंबईकरांनी पाणी, बिस्किटे, चपला पुढे केल्या. हे साहाय्य मनापासूनचे होते, ह्याविषयी आम्हांस शंका नाही.

तथापि इंग्लंडातील मार्क लेव्हिन व त्यांच्या सहकाऱ्यांचा २००५ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग येथे आठवतो. मँचेस्टर युनायटेड ह्या फुटबॉल संघाच्या चाहत्यांसमोर एक तरुण धावता धावता पडे. अंगात आपल्या संघाचा सदरा असला तर त्याला बहुधा मदत मिळे. प्रतिस्पर्धी लिव्हरपूलचा असला तर क्वचितच. पुढे चाहत्यांना आपण सारेच फुटबॉलप्रेमी आहोत ही जाणीव करून देताच लिव्हरपूलवाल्यालाही हात मिळू लागला. साध्या सदऱ्यातला तरुण मात्र उपेक्षितच राहिला. वर्तुळ वाढले, परीघ हलला नाहीसा झाला नाही.

मुंबईत ते मोठे वर्तुळ 'अन्नदाता' ह्या शब्दाने काढले होते. पण मोर्चाची एक प्रमुख मागणी २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार कसत्या जमिनीचा हक्क मिळावा, ही होती. कर्जाने पिचलेला शेतकरी शहरास ओळखता आला; वनजमिनीचा दावेदार वारली वा कोकणा साध्या सदऱ्यातच राहिला, असे म्हणावे लागते.

एरी नॅडलर ह्या इस्रायली अभ्यासकाने ह्याच्या पुढचे पाहिले आहे. परावलंबी ठेवणारे साहाय्य देणाऱ्याचे श्रेष्ठत्व राखते, असे त्याचे प्रतिपादन. आमच्या वाचकांस ह्यासाठी प्रयोगशाळा नको. वरून ओंजळीत ओतलेले पाणी आमच्या वाडवडिलांनी प्यायले आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या तळ्यावर गेले ते हक्कासाठी, वाढप्यासाठी नव्हे.

आणि मोर्चेकऱ्यांनी काय दिले? ११ मार्चच्या रात्री, दुसऱ्या दिवशीच्या दहावीच्या परीक्षार्थींची अडचण होऊ नये म्हणून, थकलेली माणसे शीवच्या सोमय्या मैदानातून उठून आझाद मैदानाकडे चालू लागली. शहराला मिळालेले हे दानच. आमच्या वाचनात मात्र ते 'शिस्त' ह्या नावाखालीच आले.

बुद्धघोषाच्या विसुद्धिमग्गातील सीमासम्भेदाचा प्रसंग पाहावा. भिक्खू, त्याचा प्रिय, तटस्थ व वैरी असे चौघे बसले असता चोर येऊन बळीसाठी एक जण मागतात. अमक्यास न्या, असे भिक्खूच्या मनात आले तर सीमा तुटलेली नाही, हे अपेक्षितच. परंतु 'मला न्या, त्यांना सोडा' असे आले तरीही ती तुटलेली नाही! देण्याजोगा त्याला कोणीच दिसत नाही, तेव्हाच सीमा तुटते. आत्मत्यागाच्या स्तुतीत रमणाऱ्या आपल्या व्याख्यात्यांनी हा दुसरा निषेध विचारात घेतलेला आम्हांस फारसा आढळत नाही. मोठ्या ओळखीच्या सिद्धान्ताची उणीवही इथेच आहे: तो रेषा लांब नेतो, रेषा ओढणारे चित्त तपासत नाही.

त्याच ग्रंथात करुणेचा दूरचा शत्रू विहिंसा, तर जवळचा शत्रू गेहसित दोमनस्स, म्हणजे संसारी आसक्तीतून उठणारी खिन्नता, असा सांगितला आहे. जवळचा शत्रू ओळखणे कठीण, कारण तो करुणेसारखाच दिसतो. तळपाय दृष्टीआड झाले की ही खिन्नताही ओसरते. मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून मोर्चा पुन्हा मुंबईकडे निघाला, तेव्हाही मागण्यांत वनहक्क होताच.