ई-मेलचा संग्रह आणि संशोधकाचे दप्तर

राजकीय इतिहास आणि वाङ्मयेतिहास या दोन्ही क्षेत्रांत पत्र हे अव्वल दर्जाचे साधन मानले जाते. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. पुढे सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागद ४५ भागांत बाहेर आले. कागद कोणाच्या तरी वाड्यात वा सरकारी दप्तरखान्यात टिकून राहिले, म्हणूनच हे दोन्ही उद्योग शक्य झाले. आजच्या अभ्यासकाचा पत्रव्यवहार बहुतांशी ई-मेलने चालतो. तेव्हा ही पत्रे कोठे राहतात, हा प्रश्न केवळ सोयीचा नसून साधनचिकित्सेचाही आहे. वेबमेलऐवजी थंडरबर्डसारखी मुक्त टपाल-आज्ञावली वापरावी, या मताचे परीक्षण येथे त्याच दृष्टीने करावयाचे आहे.

प्रथम भेद स्पष्ट केला पाहिजे. वेबमेलमध्ये पत्रे सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर राहतात आणि आपण ती ब्राउझरच्या खिडकीतून पाहतो. टपाल-आज्ञावली आपल्याच संगणकावर चालते आणि पत्रांची प्रत तेथे उतरवून घेते. कालक्रमाने पाहता दुसरी पद्धत जुनी आहे. १९८८ साली इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी ‘युडोरा’ ही आज्ञावली रचली. टपाल कचेरीत मुक्काम ठोकणाऱ्या नायिकेची कथा लिहिणाऱ्या युडोरा वेल्टी या अमेरिकन लेखिकेवरून तिला ते नाव मिळाले. १९९६ साली हॉटमेल आले. १ एप्रिल २००४ रोजी जीमेलने एक गिगाबाइट जागा देऊ केली, आणि पत्रे स्वतः सांभाळण्याची गरजच उरली नाही, असा समज रूढ झाला.

हा समज टिकणारा नव्हे. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ साली जाहीर केले. शिक्षणसंस्थांना पूर्वी मिळत असलेली अमर्याद जागा आवरती घेण्याचा निर्णय त्याच कंपनीने २०२१ साली घोषित केला. एखाद्या प्राध्यापकाच्या निधनानंतर त्याचे कागद चाळावयास कोणी दोन वर्षांत आले नाही, तर कागदी पत्रांवर फार तर धूळ साचते. ई-मेलचे खाते मात्र नाहीसे होऊ शकते. येथे कंपनीला दोष देण्याचे कारण नाही. जतन करण्याचे वचन तिने कधी दिलेच नव्हते. ‘विनामूल्य’ आणि ‘मुक्त’ हे दोन स्वतंत्र शब्द मराठीत आहेत, आणि त्यांतील अंतर येथे ध्यानात येते. जीमेल विनामूल्य आहे. थंडरबर्ड विनामूल्य तर आहेच. शिवाय तिची मूळ संहिता कोणासही वाचता येते, बदलता येते आणि पुढे चालविता येते.

या मुक्ततेचे मोल थंडरबर्डच्याच इतिहासात दिसते. पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये निघाली. २०१२ साली मोझिलाने या कामावरील आपले मनुष्यबळ कमी करण्याचे ठरविले. तरीही आज्ञावली बंद पडली नाही. स्वयंसेवकांनी ती जगविली, आणि २०२० पासून मोझिला प्रतिष्ठानच्या एका उपकंपनीकडे तिची व्यवस्था आहे. तिचा खर्च मुख्यतः वापरणाऱ्यांच्या देणग्यांतून चालतो.

जतनाच्या दृष्टीने तिचा खरा गुण तिच्या साठवणीत आहे. प्रत्येक कप्प्यातील पत्रे ती सामान्यतः ‘एमबॉक्स’ या जुन्या, सर्वज्ञात स्वरूपात एकाखाली एक लिहून ठेवते. उद्या थंडरबर्ड नाहीशी झाली तरी दुसरी आज्ञावली ती फाइल वाचू शकेल. मात्र मराठी अभ्यासकाने एक गोष्ट ओळखून असावे. ही फाइल साध्या संपादकात उघडली तर पाठविणाऱ्याचा पत्ता आणि तारीख वाचता येते. देवनागरी मजकूर मात्र बहुधा रोमन अक्षरे व अंक यांच्या सांकेतिक रूपात दिसतो. त्या संकेताचे नियम प्रसिद्ध असल्यामुळे तो उलगडता येतो. म्हणजे मोडी कागदाप्रमाणेच येथेही लिपी जाणणारा लागतो. फरक इतकाच, की येथील बाराखडी कोणाच्या मालकीची नाही.

याउलट, आज्ञावली बसविली म्हणजे दप्तर सुरक्षित झाले, असे मानणेही चूक होय. आज रूढ असलेल्या ‘आयमॅप’ पद्धतीत संगणकावरील प्रत ही सर्व्हरवरील पत्राचे प्रतिबिंब असते. तेथे पत्र पुसले गेले की येथूनही जाते. खरा संग्रह करावयाचा असेल तर पत्रे ‘लोकल फोल्डर्स’ या स्थानिक कप्प्यांत उतरविली पाहिजेत, आणि त्यांची प्रत दुसऱ्या तबकडीवर ठेवली पाहिजे. स्थानिक फाइली आपोआप कुलूपबंद होत नाहीत; विभागातील सामायिक संगणकावर त्या कोणीही उघडू शकेल. शोध घेण्याच्या कामी तर जीमेल अधिक तत्पर आहे, हेही मान्य केले पाहिजे.

जीमेलमधील पत्रेही एमबॉक्स स्वरूपात उतरवून घेता येतात. मग वेगळी आज्ञावली हवी कशाला, असा आक्षेप येथे संभवतो. तो तर्काला धरून आहे, पण व्यवहारात अपुरा पडतो. अशी उतरवण आठवणीने करावी लागते, आणि ती करण्यापूर्वीच संस्थेचे खाते बंद झाले तर इलाज उरत नाही. टपाल-आज्ञावली रोजच्या वाचनाबरोबरच पत्रांची प्रत करीत राहते. त्यामुळे जतन हे निराळे कर्तव्य न राहता सवयीचा भाग बनते. वर्षाकाठी एकदा ती पत्रे स्थानिक कप्प्यांत हलविण्याचे काम तेवढे उरते.

निष्कर्ष असा, की तातडीच्या व किरकोळ पत्रव्यवहारास वेबमेल पुरेसे आहे. परंतु पाठनिश्चिती, मार्गदर्शन आणि संपादन यांविषयी ज्यांचा पत्रव्यवहार चालतो, त्यांनी मुक्त आज्ञावलीचा स्वीकार करणे इष्ट होय. प्रबंधाच्या टिपणांइतकीच निगा त्या पत्रांचीही घेतली पाहिजे. आपल्या पिढीच्या वाङ्मयीन वादांचा इतिहास जो कोणी पुढे लिहील, त्याला दप्तर तरी उपलब्ध असावे. त्यातून काय निवडावे, हे तो ठरवील.