अंतर आणि भेद : संगणकीय शब्दजुळणीमागील भाषाविचार

जुन्या मराठी ग्रंथांच्या संगणकीय प्रती जसजशा उपलब्ध होत आहेत, तसतसा एकाच शब्दाच्या अनेक लेखनरूपांचा प्रश्न संपादकाइतकाच संगणकापुढेही उभा राहिला आहे. ‘गाव’ शोधणाऱ्याला ‘गांव’ही सापडावे, ‘संत’ शोधताना ‘सन्त’ही हाती यावा, ही अपेक्षा रास्तच आहे. ती पुरी करणाऱ्या रीती केवळ तांत्रिक साधने मानल्या जातात. वस्तुतः शब्दांतील कोणता फरक अर्थपूर्ण आणि कोणता क्षुल्लक, याविषयीचा निवाडा अशा प्रत्येक रीतीत आधीच झालेला असतो. हा निवाडा तपासणे हे समीक्षेचे काम ठरते.

रॉबर्ट रसेल यांनी 1918 साली अमेरिकेत पेटंट घेतलेल्या पद्धतीतून पुढे ‘साउंडेक्स’ ही रीत रूढ झाली. तिचे लक्ष्य इंग्रजी वळणाची आडनावे हे होते. आद्याक्षर कायम ठेवावे, नंतरचे स्वर गाळावेत आणि व्यंजनांना उच्चारसाम्यानुसार सहा गटांचे अंक द्यावेत, अशी तिची मांडणी आहे. तिच्यामुळे ‘रॉबर्ट’ व ‘रूपर्ट’ एकाच संकेतांकाखाली येतात; मात्र ‘नाइट’ हेच नाव अनुच्चारित ‘के’ने आरंभ होणारे असेल, तर ते ‘एन’ने आरंभ होणाऱ्या नावापासून दुरावते. ध्वनीचे नाव घेणारी ही रीत अखेर अक्षराशीच बांधलेली राहते.

व्लादिमिर लेव्हेन्श्टाइन यांनी 1965 साली मांडलेली ‘अंतरा’ची कल्पना अधिक व्यापक आहे. एका शब्दाचा दुसरा करण्यास किमान किती चिन्हे घालावी, गाळावी वा बदलावी लागतात, ती संख्या म्हणजे त्या दोहोंतील अंतर. या कल्पनेचा उगम संकेतांच्या प्रेषणात होणाऱ्या चुका दुरुस्त करण्याच्या विचारात आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. तेथे प्रत्येक फरक हा दोषच असतो. भाषेत मात्र फरक हाच अर्थाचा आधार असतो. युनिकोडमधील चिन्हे मोजली, तर ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत एका चिन्हाचे अंतर पडते. ‘संत’ आणि ‘सन्त’ यांत दोन चिन्हांचे, कारण अनुस्वाराच्या जागी ‘न’ येतो आणि हलन्ताचे चिन्ह वाढते. दोन भिन्न शब्द जवळ येतात आणि एकच शब्द स्वतःपासून दूर जातो. अंतर मोजले जाते ते लिपीचे. भेद असतो तो भाषेचा.

यावर उपाय म्हणून निरनिराळ्या बदलांना निरनिराळे भार देता येतात. पण हे भार ठरवणार कोण आणि कशाच्या आधारे? मोडी लेखनात ह्रस्व-दीर्घ इकार सामान्यतः वेगळे दाखवले जात नाहीत. तेथे ‘दिन’-‘दीन’ या लेखनभेदाला पुराव्याचे मूल्य नाही. आधुनिक मुद्रित गद्यात तोच भेद अर्थाचा ठरतो. पंडित कवींच्या अक्षरगणवृत्तात तर त्याने लघुगुरूंचा क्रमच बदलतो. म्हणजे भेदाचे मूल्य शब्दात नसून संहितेच्या परंपरेत असते. सर्व संहितांना एकच भारसूची लावणे म्हणजे ही परंपरा नाकारणे होय.

शोधापूर्वी सर्व लेखन प्रचलित नियमांत बसवून घेण्याच्या प्रथेत हा धोका सर्वाधिक आहे. जुन्या लेखनात ‘नांव’ म्हणजे अभिधान आणि ‘नाव’ म्हणजे होडी, असा विवेक होता. 1962 च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले आणि दोन्ही शब्द लेखनात एकरूप झाले. आजच्या लेखकाचे त्यात फारसे अडत नाही. परंतु जुन्या संहितेतून तो अनुस्वार पुसला, तर तिने स्वतः राखलेला भेद संपादकच नष्ट करतो. वि. का. राजवाडे यांनी 1909 साली प्रसिद्ध केलेली ज्ञानेश्वरीची प्रत एकनाथपूर्व मानली, ती तिच्यातील शब्दरूपांच्या जुनेपणावर भिस्त ठेवून. तो दावा मान्य असो वा नसो, रूपे आधीच सारखी करून टाकली असती, तर हा वाद उभाच राहू शकला नसता.

याचा अर्थ संगणकीय जुळणी त्याज्य आहे असा नव्हे. जुळणी ही वाचकाला रूपांपर्यंत नेणारी वाट असावी. ती रूपांची जागा घेऊ नये. मूळ लेखन अबाधित ठेवून त्याला समरूपांची सूची जोडावी आणि कोणते भेद कोणत्या कारणाने सारखे मानले, हे प्रस्तावनेत सांगावे, एवढी शिस्त पुरेशी आहे. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे इ. स. 1584 मध्ये, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, तेव्हा आपले नाव आणि काळ त्यांनी ओव्यांतून नोंदवून ठेवला. त्यामुळेच त्या शुद्धीची चिकित्सा पुढील पिढ्यांना करता आली. संगणकीय रीतीही शुद्धीच करते. फरक इतकाच, की तिच्या शुद्धीखाली सही नसते.