नाथांची लेखनकामाठी

वाचक माउली, भाद्रपद वद्य षष्ठीला आपण ज्ञानेश्वरी जयंती करतो. आता हिशेब पाहा. माउलींनी नेवाशात ग्रंथ सांगितला शके 1212 मध्ये. ही षष्ठी मात्र शके 1506 ची, आणि पैठणची. नाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करून पुरी केली, तो हा दिवस. मधे 294 वर्षे गेली होती. कीर्तनात हे सांगितले की पारायणे करून केस पिकलेली माणसेही चमकून वर पाहत.

त्या काळी पोथी हाताने उतरून घ्यायची. उतरणाऱ्याला जुना शब्द अडला की तो आपल्या तोंडातला शब्द घाली. भाव दाटून आला की स्वतःची एखादी ओवीही जोडी. तसल्या प्रती नाथांपुढे आल्या. त्यांनी पाठ शोधून निवडले आणि शेवटी मोजक्या ओव्या लिहिल्या. त्यांतला शब्दन् शब्द पाहण्यासारखा आहे. ग्रंथ मुळातच अतिशुद्ध, बिघाड झाला तो पाठांतराने, असे ते म्हणतात. आज पाठांतर म्हणजे मुखोद्गत करणे. नाथांच्या लेखी त्याचा अर्थ निराळा पाठ, पाठभेद. म्हणजे दोष माउलींच्या माथी नाही, नकलणाऱ्यांच्या हातून झाला. आणि आपल्या कामाला त्यांनी शब्द कोणता वापरला? ‘कामाठी’! ओझी वाहणाऱ्या, दगडमातीचे काम करणाऱ्या मजुराचा शब्द. एकनाथी भागवतासारखा ग्रंथ ज्यांच्या हातून झाला, ते स्वतःला तिथे माउलींच्या दारचा कामाठी म्हणवून घेतात. पुढे बजावतातही की यात कुणी आपली ओवी घातली, तर अमृताने भरलेल्या ताटात करवंटी आणून ठेवल्यासारखे होईल.

हे आज का काढले? आमच्या बावड्यात एक छापील नेमाची पुस्तिका हाती आली. पसायदानातला ‘व्यंकटी’ हा शब्द त्यात नव्हता. कळायला सोपे जावे म्हणून त्या जागी दुष्टांच्या नाशाची भाषा आली होती. बदलणाऱ्याचा हेतू वाईट नसेल. पुष्कळांना तो शब्द व्यंकटेशाचा वाटतो, हे मी स्वतः ऐकले आहे. पण व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. माउली मागतात ते एवढेच, की खळाचा वाकडेपणा गळून पडावा. माणूस राहावा, त्याला सत्कर्माची गोडी लागावी. नाश म्हटले की तो माणूसच संपला, मग गोडी लागायची कुणाला? एक शब्द काढला तर प्रार्थनेची शिक्षा झाली. सोपे करायचे तर खाली अर्थ छापावा, दोन ओळींची जागा लागते. मूळ शब्दाला हात लावू नये.

कुणी म्हणेल, नाथांनी तरी शब्द बदललेच ना? इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1909 साली ज्ञानेश्वरीची वेगळी प्रत छापली. ती नाथांच्या आधीची, असे त्यांचे म्हणणे. तिच्यातली भाषा आपल्या कानाला जड जाते. तेव्हापासून वाद आहे, की नाथांनी ग्रंथ शुद्ध केला की त्याची भाषा आपल्या काळाजवळ आणली. मला विचाराल तर थोडे दोन्ही झाले असेल. पण हा वाद घालता येतो, कारण आपण हात लावला हे नाथांनी लपवले नाही. शक, संवत्सर, मास, तिथी, गाव, नदीचा काठ, आणि ‘एकाजनार्दन’ अशी नाममुद्रा. सारे तिथे आहे. कुणी केले, कधी केले, हे विचारायला उत्तर देणारा माणूस उभा आहे. आमच्या पुस्तिकेत वर्गणीदारांची नावे पानभर होती. शब्द कुणी बदलला, ते नाव तेवढे नव्हते.

माउली, पारायणाच्या सांगतेला एक पाहत जा. पसायदान झाले की लोक उठतात. महाप्रसादाची पाने मांडलेली असतात, माईकवाला वायर गुंडाळू लागतो आणि नाथांच्या त्या ओव्या घाईत उरकल्या जातात, नाहीतर राहूनच जातात. व्यासपीठचालकांना माझी विनंती आहे, त्या ओव्या सावकाश वाचा आणि ‘कामाठी’ शब्दापाशी थांबून श्रोत्यांना अर्थ सांगा. भात तेवढ्यात गार होत नाही.