मतदाराची कादंबरी कोण लिहिणार?

2024 च्या दिवाळीत मी खाप्याला घरी गेलो होतो. कन्हानच्या काठचे आमचे हे गाव जुन्या विणकरांचे. नगरपालिकाही 1867 सालची. विधानसभेचे मतदान 20 नोव्हेंबरला व्हायचे होते. त्यामुळे फराळाच्या ताटाभोवती चिवड्याइतकीच उमेदवारांचीही चर्चा चालली होती. दादांनी, म्हणजे माझ्या वडीलबंधूंनी, दर निवडणुकीतले आपले वाक्य उच्चारले, "आपल्या घरचं मत एकच जाते." त्यावर माझी पुतणी, जिचे नाव मतदारयादीत पहिल्यानेच आले होते, खाली मान घालून म्हणाली, "बाबा, माझं यंदा दुसरीकडे जाईल." दादा ताटावरून उठले आणि त्या दिवशी तिच्याशी बोलले नाहीत.

रात्री ती मला म्हणाली, "काकाजी, तुम्ही इतकं वाचता. माझ्यासारखीवर लिहिलेली एखादी कादंबरी द्या ना." नागपूरला परतल्यावर मी अरुण साधूंची 'सिंहासन' पाठविली. काही दिवसांनी पुस्तक परत आले. आत चिठ्ठी होती : "पुस्तक फार आवडलं. पण यात मी कुठं आहे?"

हा प्रश्न वरवर वाटतो तितका पोरकट नाही. 'सिंहासन' 1977 साली प्रसिद्ध झाली. ती आणि तिच्याआधीची 'मुंबई दिनांक' या दोन कादंबऱ्यांवरून जब्बार पटेलांनी 1979 साली चित्रपट काढला. पटकथा विजय तेंडुलकरांची. मुख्यमंत्री, त्यांच्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेले अर्थमंत्री, कामगारपुढारी, तस्कर आणि हे सारे पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस! कोणता आमदार कोणत्या गटात, याचा हिशेब वाचकही बोटांवर करू लागतो, इतकी साधूंची हातोटी विलक्षण आहे. परंतु हा खेळ आपण सत्तेच्या खिडकीतून पाहतो. ज्यांच्या मतांवर ही मंडळी निवडून आली, ती माणसे त्या खिडकीतून केवळ गर्दी म्हणून दिसतात. हा साधूंचा दोष नव्हे. त्यांचा विषयच सिंहासन होता. पुढच्या लेखकांनीही बहुधा त्याच खिडकीशी दाटी केली, ही माझी तक्रार आहे.

खिडकीखाली काय घडते, त्याचे एक उदाहरण आमच्या शेजारच्याच वर्धा जिल्ह्यातले. 2014 च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसने काही मोजक्या मतदारसंघांत उमेदवार ठरविण्यासाठी पक्षांतर्गत मतदान घेतले. त्यांत वर्धा होते. मत देणारे सामान्य मतदार नव्हते. पक्षाचे पदाधिकारी आणि लोकप्रतिनिधी होते. मार्चमध्ये त्यांनी चारुलता टोकस यांच्याऐवजी सागर मेघे यांना निवडले. लोकसभेला मेघे भाजपच्या रामदास तडसांकडून हरले. त्याच वर्षी जुलैत ते वडील दत्ता मेघे यांच्यासह भाजपमध्ये गेले. त्यांची कारणे त्यांच्यापाशी. मला आठवण येते ती मार्चमध्ये आयुष्यात प्रथमच पक्षाचा उमेदवार निवडणाऱ्या एखाद्या साध्या कार्यकर्त्याची. चार महिन्यांनी त्याने काय केले असेल? उमेदवारामागे गेला असेल, की झेंड्यापाशी थांबला असेल? एका चांगल्या कादंबरीचा ऐवज येथे पडून आहे.

'पक्षांतर' हा शब्दच आपण पुढाऱ्यांना देऊन टाकला आहे. 1967 साली हरियाणाने आपल्याला 'आयाराम गयाराम' दिला. 1985 मध्ये पक्षांतरबंदीचा कायदा झाला. तो आमदार-खासदारांपुरताच आहे आणि ते योग्यच आहे. आमदार बाजू बदलतो तेव्हा दुसऱ्यांनी दिलेली मते घेऊन जातो. मतदार जातो तो स्वतःचे एकटे मत घेऊन. त्याला ना मंत्रिपद, ना हारतुरे.

कोणी म्हणेल, मग यात नाट्य कसले? एक बटण दाबले, संपले! मला तसे वाटत नाही. मतदान गुप्त असते. पुतणी गप्प राहिली असती, तर दादांना कधीच कळले नसते. तिने आपण होऊन सांगितले. बापाला फसवायचे नाही आणि त्याचे ऐकायचेही नाही, या दोन निश्चयांच्या मध्ये ती ताटावर बसून होती. सरकार पडण्याइतकेच हे नाट्य मोठे आहे. फक्त ते स्वयंपाकघराला लागून घडते, म्हणून आमच्या लेखकांच्या नजरेतून निसटते.

मतदानाच्या दिवशी दादा तिला सोबत घेऊन केंद्रावर गेले, असे वहिनींनी मला फोनवर सांगितले. जाताना दोघे गप्प होते. येताना मात्र बोलत आले. काय बोलले, ते वहिनींनाही ठाऊक नाही. एखाद्या मराठी लेखकाने ते लिहावे. पुतणीला मी अजून दुसरे पुस्तक पाठविलेले नाही.