संकेतस्थळाची गती : साउडर्स यांच्या चौदा नियमांचे पुनर्मूल्यांकन

तंत्रविषयक ग्रंथाला आयुष्य थोडे असते. ज्या साधनांना धरून तो लिहिलेला असतो ती बदलली की त्यातील उपदेशही मागे पडतो. स्टीव्ह साउडर्स यांचा ‘हाय परफॉर्मन्स वेब साइट्स’ हा २००७ साली ओरायली या प्रकाशनसंस्थेने काढलेला छोटेखानी ग्रंथ याला सर्वस्वी अपवाद नाही. तथापि त्यातील जुने काय झाले व टिकले काय, याचा विवेक केला असता गतीचा प्रश्न मुळात कोणाच्या बाजूने विचारावयाचा, हे स्पष्ट होते.

ग्रंथाचा पाया एका निरीक्षणावर आहे. अमेरिकेतील दहा लोकप्रिय संकेतस्थळे तपासून ग्रंथकाराने असे दाखविले, की वाचकाच्या प्रतीक्षेपैकी जेमतेम १० ते २० टक्के काळ मूळ दस्तऐवज येण्यात जातो. उरलेला ८० ते ९० टक्के काळ चित्रे, स्टाइलशीट, स्क्रिप्ट इत्यादी घटक आणण्यात खर्च होतो. तोवर गती म्हणजे सर्व्हरची गती असे समजून अभियंते आपले सारे कष्ट तिकडेच वेचीत. साउडर्स यांनी मोजमापाचे ठिकाण वाचकाच्या पडद्यापाशी आणले. ग्रंथाचे खरे कर्तृत्व हे होय.

चौदा नियमांपैकी पाचवा या दृष्टीने विशेष मननीय आहे. स्टाइलशीट पानाच्या आरंभी ठेवावी, असे तो सांगतो. ती शेवटी ठेवल्यास सर्व घटक उतरण्याचा एकूण वेळ प्रसंगी कमीही भरतो, हे ग्रंथकार लपवीत नाही; परंतु तोवर अनेक ब्राउझर पडदा कोरा ठेवतात आणि वाचकाला पान अधिक मंद वाटते. येथे घड्याळाचा वेळ आणि प्रतीक्षेचा अनुभव यांची फारकत झालेली दिसते, व ग्रंथकार निःसंकोचपणे अनुभवाची बाजू घेतो. गूगलने २०२० साली पुढे मांडलेल्या मापांत पानातील सर्वांत मोठा दृश्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, आणि तोही निदान ७५ टक्के भेटींत, अशी अपेक्षा आहे. तिच्यामागील विचार याच जातीचा आहे.

जे नियम जुने झाले त्यांचे कारण सरळ आहे. एका सर्व्हरशी एका वेळी दोनच जोडण्या ठेवाव्यात, अशी एचटीटीपी १.१ ची १९९९ ची शिफारस होती. म्हणून पहिला नियम मागण्यांची संख्या घटवा असे सांगतो, आणि लहान चित्रे एकत्र जोडण्याच्या युक्त्या सुचवितो. घटक दोन नावांच्या सर्व्हरवर वाटण्याचा उपायही याच अडचणीतून आला. २०१५ च्या एचटीटीपी २ ने एकाच जोडणीवरून अनेक घटक एकदम येण्याची सोय केली. तेव्हापासून जोडणीची युक्ती बरीचशी अनावश्यक ठरली, आणि वाटणीची युक्ती तर नव्या जोडणीचा खर्च वाढवून अपायकारक झाली.

काळाच्या ओघाखेरीज ग्रंथाच्या दोन मूळ मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. दहा संपन्न संकेतस्थळांवरून काढलेले प्रमाण सर्वत्र लागू पडेलच असे नाही. निकालाच्या दिवशी एकाच सर्व्हरवर हजारो विद्यार्थ्यांचा भार पडतो, तेव्हा प्रतीक्षेचा मोठा भाग सर्व्हरपाशीच अडलेला असतो. तेथे स्टाइलशीटची जागा बदलून काय साधणार? दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. ओझे हलके करून वाहावे कसे हे ग्रंथ उत्तम शिकवितो. ते मुळात घ्यावे की नाही, हा प्रश्न मात्र तो क्वचितच विचारतो. २०२२ च्या मोजणीत सामान्य संकेतस्थळाच्या मुखपृष्ठाचे मध्यक वजन २ मेगाबाइटच्या पुढे गेलेले आढळले. त्यातही स्क्रिप्टचा भार निराळा. समान वजनाचे चित्र नुसते उलगडून दाखवावयाचे असते. स्क्रिप्ट वाचून, समजून, चालवावी लागते, आणि हे काम स्वस्त मोबाइलच्या दुबळ्या प्रोसेसरला फार जड जाते.

मराठी पानांच्या संदर्भात या नियमांची कसोटी उद्‌बोधक ठरते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते. साधे इंग्रजी अक्षर एकच. पण या तिहींतील पहिला बाइट नेहमी तोच आणि दुसरा दोहोंपैकी एक असल्याने पुनरुक्ती विपुल असते, आणि घटक दाबून पाठवा हा चौथा नियम मराठी मजकुराला चांगलाच फळतो. फॉन्टविषयी मात्र ग्रंथ मौन आहे, कारण फॉन्ट वाचकाकडे पाठविण्याचा प्रघात तेव्हा रूढ नव्हता. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टमध्ये आकृत्या पुष्कळ, म्हणून त्याचे वजनही अधिक. तो येईपर्यंत काही ब्राउझर सुमारे ३ सेकंद मजकूरच दडवून ठेवतात. मजकूर वाचकाच्या यंत्रात पोहोचलेला असूनही दिसू नये, हा विपर्यास होय. यंत्रातील उपलब्ध फॉन्टने मजकूर आधी दाखवावा व मग नवा फॉन्ट बसवावा, हा त्यावरचा सोपा उपाय पाचव्या नियमाच्या तत्त्वातूनच निघतो.

साउडर्स यांचे नियम पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याच्या पदरी आज अर्धेमुर्धेच पडेल. प्रत्येक नियमामागील प्रश्न, म्हणजे या क्षणी वाचकाला काय दिसत आहे, हा ज्याने आत्मसात केला त्याला नवे नियम स्वतः रचता येतील. संथ जोडणी आणि साधा मोबाइल असलेला वाचक कोऱ्या पडद्यासमोर किती वेळ थांबतो, यावरच त्या नियमांची परीक्षा होईल.