पाहुण्यांचे आवाज, यजमानाचा हात

एकाच वादकाने रचलेल्या संगीतावर दहा निरनिराळ्या गायकांनी आपापला आवाज चढवावा आणि त्या सर्वांची मिळून एक ध्वनिमुद्रिका व्हावी, ही कल्पना मोठी मोहक आहे. परंतु अशी ध्वनिमुद्रिका ही एक कलाकृती ठरते, की दहा गाण्यांची नुसती बांधलेली मोट, हा प्रश्न समीक्षकाने विचारलाच पाहिजे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचे गिटारवादक टोनी आयोमी यांनी ऑक्टोबर 2000 मध्ये ‘आयोमी’ या आपल्याच आडनावाने प्रसिद्ध केलेली ध्वनिमुद्रिका या दृष्टीने आम्ही येथे विचारात घेत आहोत. पाव शतक उलटून गेल्यावर तिच्याकडे वळण्यास दोन कारणे आहेत. तिने उभा केलेला प्रश्न अजून जुना झालेला नाही, हे पहिले. दुसरे असे, की ज्या हेवी मेटल संगीताचे आयोमी हे आद्य प्रवर्तक मानले जातात, ते संगीत आज हिंगोलीसारख्या जिल्ह्यातील तरुणांच्या मोबाइलवरही वाजत असते. आणि त्यांचे आईवडील आम्हांला विचारतात, ‘फादर, हे सैतानाचे गाणे तर नव्हे?’ हा प्रश्न काळजीपोटी आलेला आहे. त्याला थट्टेने किंवा धाकाने उत्तर देऊन भागणार नाही. विचारानेच दिले पाहिजे.

प्रथम या वादकाच्या हाताविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण या ध्वनिमुद्रिकेचे सारे मर्म त्या हातात आहे. आयोमी यांचा जन्म 1948 सालचा, इटालियन वंशाच्या कॅथलिक कुटुंबातला. वयाच्या सतराव्या वर्षी ते पत्र्याच्या कारखान्यात कामाला होते. कामाच्या अखेरच्या दिवशी यंत्रात सापडून त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. ते डावखुरे असल्याने गिटारच्या तारा दाबण्याचा हात नेमका तोच. वादन संपले असेच कोणीही म्हणाले असते. त्या वेळी कारखान्यातील त्यांच्या वरिष्ठाने त्यांना जँगो राइनहार्ट यांची तबकडी ऐकवली. 1928 साली आगीत होरपळून हाताची दोन बोटे निकामी झालेल्या या जिप्सी वादकाने उरलेल्या बोटांवर युरोप जिंकला होता. आयोमी यांनी मग प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना बसतील अशी टोपणे घडवली, त्यांवर चामड्याचे तुकडे चिकटवले, गिटारला हलक्या तारा चढवल्या. आणि 1971 च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ या ध्वनिमुद्रिकेत तर तारा दीड स्वर उतरवून सैल केल्या. सैल तारेतून जो खर्जातला, जडशीळ, घरघरता नाद उमटला, तोच पुढे एका संपूर्ण संगीतप्रकाराची ओळख झाला. व्यंग झाकण्यासाठी केलेली तजवीज हीच शैली झाली, असे कलेच्या इतिहासात क्वचितच घडते.

आता सैतानाविषयी. आयोमी यांच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडने आपले नाव एका भयपटावरून घेतले. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका 13 फेब्रुवारी 1970 रोजी, शुक्रवारी, निघाली. तिच्या प्रारंभी पावसाचा आणि मेघगर्जनेचा आवाज आहे, दूरवर चर्चची घंटा वाजते आहे, आणि मग गिटारवर एक असे स्वरान्तर येते ज्याला पाश्चात्त्य संगीतशास्त्रात ‘संगीतातील सैतान’ असे नाव पडले आहे. ख्रिस्तसभेने या स्वरान्तरावर बंदी घातली होती, अशी एक आख्यायिका या संगीताचे चाहते अभिमानाने सांगत असतात. तशा बंदीचा पुरावा नाही. हे नाव अठराव्या शतकातील संगीतशास्त्राच्या ग्रंथांत आढळते, आणि जुने आचार्य हे स्वरान्तर टाळीत ते मुख्यत्वे गायकाला गळ्यावर चढवणे अवघड जाते म्हणून. मौजेची गोष्ट अशी, की हे अंतर म्हणजे आपल्याकडील षड्जापासून तीव्र मध्यमापर्यंतचे अंतर. ज्या यमनाने आपल्या मैफलीची संध्याकाळ प्रसन्न होते, त्या यमनात तोच ‘सैतान’ निवांत नांदतो आहे. तेव्हा सैतान स्वरात नसतो. स्वर कोणत्या हेतूने योजला, एवढेच पाहावयाचे. शिवाय या चौघा तरुणांच्या गळ्यातील क्रूस आयोमी यांच्या वडिलांनी स्वतः घडवून दिले होते. आणि बँडचे बहुतेक गीतलेखन करणारे गीझर बटलर हे आयरिश कॅथलिक घरात वाढलेले. 1971 सालच्या त्यांच्या ‘आफ्टर फॉरेव्हर’ या गीतात देवाला नाकारणाऱ्यांनाच प्रश्न विचारले आहेत. या संगीतात भीती आहे, हे खरे. परंतु भीतीचे वर्णन करणे म्हणजे भीतीची उपासना करणे नव्हे. तसे असते तर आपल्या स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे आपल्याला बाजूला ठेवावी लागली असती.

या पार्श्वभूमीवर 2000 सालच्या ध्वनिमुद्रिकेकडे येऊ. अनेक गायकांना बोलावण्याचा बेत आयोमी यांच्या मनात फार पूर्वीपासून होता. 1986 साली निघालेली ‘सेव्हन्थ स्टार’ ही मुळात त्यांची स्वतंत्र कृती व्हावयाची होती आणि तिच्यात निरनिराळे गायक असावेत असा विचार होता. प्रत्यक्षात ग्लेन ह्यूज या एकाच गायकाने ती गायिली, आणि व्यापारी दडपणामुळे तिच्यावर ‘ब्लॅक सॅबथ’चेच नाव पडले. म्हणजे 2000 साली जे सिद्ध झाले ती चौदा वर्षे मनात राहिलेली इच्छा होती. तोवर काळही अनुकूल झाला होता. कार्लोस सांताना यांनी पाहुण्या गायकांना घेऊन केलेली ‘सुपरनॅचरल’ आदल्याच वर्षी जगभर गाजली होती.

‘आयोमी’त दहा गाणी आहेत आणि दहा आवाज. निर्माता बॉब मार्लेट. आरंभी हेन्री रोलिन्स येतात, ते गातात त्यापेक्षा दरडावतात अधिक. पाठोपाठ ‘स्कंक अनान्सी’ या बँडची स्किन ही गायिका. दहांतला हा एकच स्त्रीचा आवाज, आणि आमच्या मते ध्वनिमुद्रिकेतील सर्वांत जिवंत. गिटारच्या खर्जावर तिचा आवाज करवतीच्या धारेसारखा चालतो. वाद्य आणि गळा यांच्यात येथे खरोखरीचा वाद घडतो. डेव्ह ग्रोल ‘गुडबाय लॅमेंट’मध्ये हळुवारपणा आणि आक्रोश यांच्यामध्ये ये-जा करतात, त्यात ब्रायन मे यांच्या गिटारचीही साथ आहे. फिल अँसेल्मो, सर्ज टँकियन, बिली कॉर्गन, इयन अॅस्टबरी, पीटर स्टील, ऑझी ऑस्बोर्न आणि अखेरीस बिली आयडॉल, अशी ही पंगत आहे. कॉर्गन यांचे ‘ब्लॅक ऑब्लिव्हियन’ आठ मिनिटांहून अधिक चालते आणि तेवढ्यात स्वतःचेच एक निराळे जग उभारते. ऑस्बोर्न यांच्या गाण्यात ड्रमवर बिल वॉर्ड आहेत. म्हणजे मूळ बँडमधील चौघांपैकी तिघे तेथे एकत्र येतात, आणि पाहुणा घरचाच निघाल्यासारखे वाटते.

या दहाही गाण्यांना बांधणारे सूत्र कोणते? ते गिटारचे आहे, गळ्याचे नाही. गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा ठाशीव स्वरबंध, ज्याला रिफ म्हणतात, तो ऐकताच हा हात कोणाचा हे सांगण्यासाठी मुखपृष्ठ पाहावे लागत नाही. गायक बदलतो, भाव बदलतो, तरी खालची जमीन तीच राहते. या अर्थाने ध्वनिमुद्रिकेला दिलेले नाव सार्थ आहे. येथे मुख्य गायक आयोमी हेच आहेत; मात्र ते गळ्याने गात नाहीत, दुखावलेल्या बोटांनी गातात.

तरीही आमचे समाधान पूर्ण होत नाही. आमच्या जिल्ह्यात नरसी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ओळखले जाते, आणि या परिसरात हरिनाम सप्ताहाच्या जागराला पंचक्रोशीतील भजनी मंडळी एकत्र बसतात. एक गायक अभंग घेतो, तो थांबला की दुसरा पुढे होतो. प्रत्येकाची चाल वेगळी, गळा वेगळा. पखवाज मात्र एकाच्याच हाती, विणा एकच, टाळांचा ठेका एकच. बाह्यतः ही रचना ‘आयोमी’सारखीच आहे. मग त्या जागराला जी एकसंधता असते, ती या ध्वनिमुद्रिकेला का नाही? आमच्या मते याचे कारण असे, की भजनात वाद्य एक असते तसा गाण्याचा विषयही एक असतो. गायक कोणीही असो, तोंड सर्वांचे एकाच दिशेला असते. ‘आयोमी’त बहुतेक गीतांच्या लेखनात त्या त्या गायकाचाच वाटा आहे. प्रत्येक पाहुणा स्वतःचा राग, स्वतःचे दुःख आणि स्वतःची शब्दकळा घेऊन आला आणि आपले बोलून निघून गेला. यजमानाने जागा दिली, दिवा लावला, ताट वाढले. पण बोलणे कशाविषयी व्हावे हे सांगण्याचा संकोच केला. सौजन्य हा माणसाचा गुण खरा. कलावंताच्या बाबतीत त्याचा अतिरेक झाला की तो दोष होतो. या ध्वनिमुद्रिकेला एक देह आहे, एक मन नाही.

हा दोष अटळ होता असेही नाही. आपल्याच देशातील एक उदाहरण घ्या. दिल्लीचे गिटारवादक केशव धर यांनी ‘स्कायहार्बर’ या नावाने घरच्या घरी संगीतरचनेस प्रारंभ केला आणि 2012 साली ‘ब्लाइंडिंग व्हाइट नॉइझ’ ही ध्वनिमुद्रिका काढली. तिचे त्यांनी दोन भाग केले, भ्रम आणि कल्लोळ अशा अर्थाची त्यांना नावे दिली, आणि आवाजही त्याप्रमाणे वाटून दिले. भ्रमाचा भाग इंग्लंडचे डॅनियल टॉम्पकिन्स आपल्या उंच, स्वच्छ स्वरात गातात. कल्लोळाचा भाग मुंबईच्या ‘भयानक मौत’ या बँडचे सुनीथ रेवणकर यांच्या खरखरीत गर्जनेकडे आहे. येथे आवाज हा केवळ पाहुणा नाही. त्याला काम नेमून दिलेले आहे, आणि त्याच्या येण्याने रचनेचा अर्थ बदलतो. खुद्द आयोमी यांनीही 2005 साली ‘फ्यूज्ड’मध्ये ग्लेन ह्यूज या एकाच गायकावर सारी भिस्त ठेवली. ती कृती कमी गजबजलेली असली, तरी एका श्वासात ऐकता येते.

मग ‘आयोमी’ची थोरवी कशात? आज ती ऐकताना तिचा एक निराळाच गुण आम्हांला जाणवतो. आवाज जातात, हे ती आठवून देते. ज्यांच्या धीरगंभीर खर्जाने ‘जस्ट से नो टु लव्ह’ हे गाणे भारलेले आहे, ते पीटर स्टील 2010 साली निवर्तले. कॅथलिक घरात वाढलेला हा गायक आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत पुन्हा श्रद्धेकडे वळला होता. ऑझी ऑस्बोर्न 5 जुलै 2025 रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर आयोमी यांच्यासह शेवटचे गायिले, आणि त्याच महिन्याच्या 22 तारखेला त्यांनी जगाचा निरोप घेतला. ज्या हाताचे संगीत सतराव्या वर्षीच संपावयाचे, तो हात राहिला आणि धडधाकट गळे गेले. हे कोणी योजिले नव्हते. पण कलाकृती आपल्या कर्त्याच्या योजनेपेक्षा अधिक बोलू लागते, ती अशी.

आणि बहुस्वरांचे कोडे आयोमी यांनी पुढे एका वेगळ्याच ठिकाणी सोडवले, असे आम्हांला वाटते. 2017 च्या जानेवारीत बर्मिंगहॅमच्या अँग्लिकन कॅथीड्रलच्या गायनवृंदाने त्यांची ‘हाउ गुड इट इज’ ही रचना सादर केली. तिचे शब्द तेथील तत्कालीन डीन कॅथरीन ओगल यांचे, आणि त्यांना आधार 133 व्या स्तोत्राचा, म्हणजे बांधवांनी एकत्र नांदण्यातील सुख गाणाऱ्या स्तोत्राचा. येथेही आवाज अनेकच आहेत. परंतु त्यांपैकी कोणालाही नाव नाही, कोणी पाहुणा नाही, कोणी आपले वेगळे बोलत नाही. शब्द सर्वांचा एक आहे. 2000 सालच्या दहा नामवंतांना जे साधले नाही, ते या अनामिक गायकांना साधले. ‘आयोमी’ ही ध्वनिमुद्रिका तरुणांनी जरूर ऐकावी. तिच्यात बळ आहे, प्रामाणिकपणा आहे, आणि वाट्याला आलेल्या तुटक्या साधनातून नवा नाद घडवणाऱ्या माणसाचा धडा आहे. मात्र ती ऐकून झाल्यावर त्यांनी हे छोटेसे स्तुतिगीतही ऐकावे. एकत्र जमणे आणि एक होणे यांतला फरक समजावून सांगण्यास मग आमच्या समीक्षेची गरज उरणार नाही.